खांबाला सॉरी म्हणणारे रसेलसाहेब

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला कॅनडाच्या माणसांवरच्या विनोदांची यादी वाचून दाखवलीत. तुमच्या वर्गातल्या कोणीतरी केलेली. कॅनडाचा माणूस खांबाला धडकला तर खांबाची माफी मागतो. बसमधून उतरताना आभार मानतो. घराला कुलूप लावत नाही. दिसेल त्या पदार्थावर मेपलचा पाक ओततो. हवेवर अर्धा तास बोलतो आणि बर्फावरच्या हॉकीवर दिवसभर. कोणी अमेरिकन म्हटलं तर दुखावतो, पण दाखवत नाही. यादी संपल्यावर निहारने विचारलं, "आजी, आपण खरंच असे आहोत का गं?" मागून तुमची आई म्हणाली, "अरे, असं सरसकट कुठल्याच देशाबद्दल खरं नसतं."

तुमच्या आईचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, आणि तिला ते मीच शिकवलं आहे. पण मी आयुष्यात ओळखलेल्या पहिल्या कॅनेडियन माणसाने तुमच्या यादीतली एकही ओळ खोटी पडू दिली नाही. ते तुमच्या आईला नीट आठवायला हवं, कारण खांबाची गोष्ट सगळ्यांत आधी तिनेच पाहिली होती.

हे आत्ता लिहायला बसले त्याचं कारण असं, की आमची मुलुंडची इमारत आता पाडणार आहेत आणि मी कपाटं आवरते आहे. त्यात एक जुनं रजिस्टर सापडलं. ते पाहून ही हकीकत लिहून ठेवावीशी वाटली. मराठी वाचताना अडलं तर आईला विचारा, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तुमची आई तेव्हा तेरा वर्षांची होती. आमची सोसायटी सोळा बिऱ्हाडांची, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. मी फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी करत होते आणि सोसायटीची सेक्रेटरी होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली बाई पत्रं बरी लिहील, असं म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी सोसायटीची सगळी कागदपत्रं भाजीच्या पिशवीतून आणून दिली होती. मी त्यांच्या फायली केल्या, फायलींना क्रमांक दिले आणि प्रत्येक गोष्टीला एक रजिस्टर घातलं. पाहुण्यांच्या गाड्यांचं रजिस्टर, गच्चीच्या किल्लीचं रजिस्टर, पाण्याच्या पंपाचं रजिस्टर. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला सोडलं तर कावळ्यांनाही सही करून कठड्यावर बसायला लावील."

भांडुपच्या एका कारखान्यात कागद बनवण्याचं नवीन मशीन आलं होतं. ते बसवायला आणि इथल्या लोकांना शिकवायला कॅनडाहून एक इंजिनियर येणार होते. कंपनीने त्यांना शहरात समुद्रावरचं घर देऊ केलं होतं, पण त्यांना कामाच्या जवळ राहायचं होतं. म्हणून आमचा तळमजल्यावरचा रिकामा ब्लॉक भाड्याने घेतला गेला. ते आले त्या दुपारी तुमची आई गॅलरीत उभी होती. ती धावत आत आली.

"आई, आई! तो माणूस खांबाला सॉरी म्हणाला!"

"कुठला माणूस?"

"नवा! फाटकाच्या खांबाला त्याची बॅग लागली, तर खांबाकडे बघून म्हणाला, सॉरी!"

पाहुण्यांची अशी टर उडवू नये, असं मी तिला सुनावलं आणि तिच्यामागून गॅलरीत गेले. तेवढ्यात त्यांची दुसरी बॅग त्याच खांबाला लागली, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्यांचं नाव रसेल. आडनाव होतं, पण ते कोणाला नीट उच्चारता येईना, आणि त्याचं त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. पन्नाशीचे, उंच, वाकून चालणारे, उन्हाने लाल झालेले. पायऱ्यांवर झोपलेल्या मांजराला ओलांडताना ते सॉरी म्हणत. कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच सॉरी म्हणत. बसच्या रांगेत एक बाई त्यांना ढकलून पुढे गेली. तिलाही ते सॉरी म्हणाले, आणि ती बाई इतकी गोंधळली की परत मागे जाऊन उभी राहिली. महिन्याभरात मुलं त्यांना सॉरीसाहेब म्हणायला लागली.

एकदा मी स्टेशनजवळच्या बँकेत गेले तर रसेलसाहेब तिथला स्प्रिंगचा दरवाजा धरून उभे. मागून येणाऱ्यासाठी दार धरायचं, ही त्यांची पद्धत. पण त्यांच्या गावात मागून एखादाच माणूस येत असणार. आमच्याकडे मागून माणसं येतच राहतात. त्यांच्या काखेखालून लोक आत जात होते, बाहेर येत होते, आणि दार हातात घ्यायला कोणीही तयार नव्हतं. एका गृहस्थांनी तर त्यांना "चेकबुक किधर मिलेगा?" असं विचारलं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"वीस मिनिटं. सॉरी, मिसेस आपटे. सोडायचं कधी, ते कळत नाही."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं. दार त्यांच्यामागे आपटलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. माझ्यासमोर त्यांना संकोच वाटला असावा.

आमच्या फाटकावर सावंत होते. मालवणकडचे, परळच्या गिरणीत बावीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेले. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि ते आमच्याकडे वॉचमन म्हणून आले. पंप चालवणं हेही त्यांचंच काम. भांडुपच्या टेकडीवर त्यांची खोली होती आणि घरात एकुलती मुलगी, सुनंदा. बायको आधीच गेली होती. सावंत फार बोलत नसत. पण रसेलसाहेबांनी त्यांना बोलतं केलं, आणि तेही हवेवर.

रसेलसाहेबांनी खिडकीबाहेर एक थर्मामीटर टांगला होता. रोज सकाळी ते तो वाचून फाटकाशी येत. त्यांच्या देशात वाक्याच्या शेवटी 'ए?' लावायची सवय असते, हे तुम्हाला माहीतच आहे. इथे आल्यावर त्यांना त्याच्या जागी आमचा 'ना' सापडला आणि ते फार खूश झाले.

"सावंत, आज गरम आहे, ना?"

"व्हय सायब. काल पण होता."

"उद्या पण, ना?"

"उद्या पण."

यावर दोघं बराच वेळ समाधानाने उभे राहत. आमच्याकडे हवा हा बोलण्याचा विषयच नव्हता, कारण ती बदलतच नाही. पण न बदलणाऱ्या हवेवर रोज बोलता येतं, हे त्या दोघांनी सिद्ध केलं. मग रसेलसाहेब सांगत, की त्यांच्या गावात उणे चाळीस झालं की बाहेर ठेवलेली गाडी सुरूच होत नाही. शेजारच्याची असो की आपली, सकाळी उठून सगळ्यांच्या दारातलं बर्फ फावड्याने काढायचं. "एकट्याने काढायचं नसतं," ते म्हणत. "कोणी एकटा काढताना दिसला तर आपण जायचं. न गेलं तर…" इथे त्यांना मराठी शब्द सापडत नसे. ते नुसती मान हलवत, म्हणजे ते किती वाईट, ते आम्ही समजून घ्यावं.

सुनंदा कधी बापाच्या डब्यात घावणे पाठवायची. सावंत त्यातले दोन रसेलसाहेबांना देत. रसेलसाहेब आतून मेपलच्या पाकाचा डबा आणत आणि घावण्यांवर ओतत. सावंतांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा विचार करून म्हणाले, "काकवीच ही. पण झाडाची." त्यानंतर त्या पाकाला आमच्या इमारतीत झाडाची काकवी हेच नाव पडलं.

त्यांच्या दाराला कुलूप नसे, नुसती कडी. मी सेक्रेटरी या नात्याने त्यांना दोनदा लेखी सूचना दिली. ते म्हणाले, "पण सावंत आहेत, ना?" आमच्यापैकी कोणी सावंतांवर इतका भरवसा बोलून दाखवला नव्हता.

आमचे चेअरमन परांजपे तिसऱ्या मजल्यावर राहत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आवाज मोठा, मन वाईट नव्हे, पण बोलणं ऑर्डर सोडल्यासारखं. गणपतीत त्यांनी माइकवरून सांगितलं, "आपल्यामध्ये अमेरिकेचे मिस्टर रसेल उपस्थित आहेत!" रसेलसाहेब मागच्या रांगेतून उठले, माणसांच्या पायांना सॉरी सॉरी म्हणत माइकपर्यंत गेले, "सॉरी. कॅनडा." एवढंच बोलले आणि तसेच सॉरी सॉरी म्हणत परत गेले. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी परांजपेंनी पुन्हा अमेरिकाच म्हटलं आणि रसेलसाहेब पुन्हा उठले.

आता त्यांची हॉकी. त्यांचा धाकटा भाऊ रेडिओवरची सामन्यांची कॉमेंट्री कॅसेटवर उतरवून टपालाने पाठवायचा. कॅसेट यायला दीड महिना लागे. कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची. त्या दिवशी रसेलसाहेब पंपाच्या खोलीशेजारच्या आपल्या पायरीवर बसत, कानाला वॉकमन लावत आणि सामना ऐकत. तुमच्या आईने त्यांना विचारलं, "अंकल, पण निकाल तर केव्हाच लागला असेल ना?"

ते गंभीरपणे म्हणाले, "मी ऐकेपर्यंत लागलेला नाही."

इथपर्यंत तुमची यादी जवळजवळ पूर्ण झाली. (बसमधून उतरताना ते कंडक्टरचे आभार मानत. कंडक्टर दचकून तिकीट पुन्हा तपासायचा.) पण मला सांगायचं आहे ते पुढचं.

मार्च महिना होता. गुरुवार. मी कचेरीतून संध्याकाळी घरी आले तर नळ कोरडे, जिन्यात बादल्या, आणि परांजपेंचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. पंपाची मोटर जळली होती. पालिकेचं पाणी त्या दिवशी कमी आलं होतं. खालची टाकी रिकामी झाली, आणि पंप तसाच कोरडा चालत राहिला. अशा वेळी पंपाचा आवाज बदलतो. तो ऐकून बटण बंद करायचं, यासाठीच तर माणूस ठेवलेला.

"सावंत काय करत होता? झोपला होता?" परांजपे म्हणत होते. "मी विचारलं तर तोंड शिवल्यासारखा उभा! आपटेबाई, रविवारी मीटिंग लावा. दुसरा माणूस बघू."

मी वर गेले. दोन कळश्या पाण्यात स्वयंपाक कसा करायचा, हे ठरवत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. रसेलसाहेब. पायातले बूट त्यांनी नेहमीसारखे बाहेर काढले होते.

"मिसेस आपटे, सॉरी. पंप…"

"अहो, तुम्ही कशाला सॉरी म्हणता?" मी म्हटलं. "तुमच्या घरातही पाणी नाही."

"नाही, पण मी… सॉरी."

"हरकत नाही, हरकत नाही," मराठीत त्यांनी सगळ्यांत आधी शिकलेलं हे लाडकं वाक्य मी त्यांना परत दिलं आणि दार लावलं. माझी कणीक अर्धवट भिजलेली होती.

पुढे कळलं, की माझ्याआधी ते परांजपेंकडेही जाऊन आले होते. परांजपेंनी त्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना परत पाठवलं होतं.

शुक्रवार, शनिवार रसेलसाहेबांनी काय केलं, ते सांगते. सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर ते शेजारच्या इमारतीतून बादल्या भरत आणि प्रत्येक मजल्यावर नेऊन देत. परांजपेंकडे सगळ्यांत आधी. रिक्षात मोटर घालून ती दुरुस्तीच्या दुकानात नेली तीही त्यांनी आणि सावंतांनीच. आम्ही म्हणालो, काय हा माणूस! किती चांगला! त्यांच्या देशात असंच असतं, बर्फ काढतात ना, तसं. आम्हाला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

आणि मी काय केलं? शनिवारी कचेरीत अर्धा दिवस असे. कचेरी सुटल्यावर मी टाइपरायटरवर सावंतांना कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप करून ठेवलं. ठराव व्हायचा होता. पण तो होणारच, मग सोमवारी घाई नको, म्हणून आधीच. तारीख, विषय, दोन परिच्छेद. खाली सहीसाठी जागा. कुठे एक चूक नव्हती.

रविवारी सकाळी जिन्याखालच्या जागेत खुर्च्या टाकून मीटिंग बसली. रसेलसाहेब कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. सावंत खांबाला टेकून उभे होते. तुमच्या आजोबांनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत.

परांजपे म्हणाले, "सावंत, शेवटचं विचारतो. पंप चालू असताना तू काय करत होतास?"

"माका काय बोलूचा नाय सायब."

"म्हणजे चूक कबूल?"

"मोटर माझ्या ताब्यात होती. जळली ती माझ्याच माथ्यार."

संपलं, असं सगळ्यांना वाटलं. मी इतिवृत्तात लिहायला लागले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली आणि रसेलसाहेब उभे राहिले.

"सॉरी," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

हसू फुटलं. दुष्टपणाने नव्हे, प्रेमानेच. परांजपे तर डोळे पुसायला लागले. "अहो, हा माणूस खांबाची माफी मागतो! पंपाची का नाही मागणार? मिस्टर रसेल, सिट, सिट. यू आर टू गुड."

मीही हसले. हे मला लिहायला हवं, म्हणून लिहिते.

रसेलसाहेब बसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. "नाही," ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून नुसता नाही हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. त्याच्या मागेपुढे नेहमी काहीतरी मऊ असायचंच. "नाही. खरंच माझी."

"बरं, तुमची. कशी तुमची? तुम्ही काय केलंत?" परांजपेंनी विचारलं.

रसेलसाहेबांनी सावंतांकडे पाहिलं. सावंतांनी अगदी थोडी मान हलवली. सांगू नका. आणि रसेलसाहेब गप्प झाले.

मी समोर बसले होते, म्हणून ती मान मला दिसली. कचेरीत मी वीस वर्षं कागद तपासत होते. दोन माणसं एकमेकांना झाकायला लागली, की खरं त्यांच्या तोंडून नाही, कागदातून काढायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी पंपाचं रजिस्टरच पाहिलेलं नाही. ते रजिस्टर मीच घातलं होतं. त्याचे रकाने मीच आखले होते. पंप चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा. पत्र टाइप केलं, पण ते उघडलं नव्हतं.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि पंपाच्या खोलीतून खिळ्याला टांगलेलं रजिस्टर काढून आणलं.

गुरुवारच्या ओळीत 'चालू' च्या रकान्यात सावंतांचं गोल, सावकाश अक्षर होतं: १०.१५. 'बंद' च्या रकान्यात अक्षर वेगळं होतं. तिरकं, इंग्रजी. अकरा पंचवीस. आणि शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या आखलेल्या रेषेबाहेर न जाता, बारीक इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते मराठीत मोठ्याने वाचलं: "मोटर जळली. मी लक्ष ठेवत होतो, पण ऐकत नव्हतो. सॉरी. रसेल."

त्या गृहस्थांनी जळलेल्या पंपासमोर उभं राहून रजिस्टर भरलं होतं. भरायचा नियम होता म्हणून. आणि रजिस्टरचीही माफी मागितली होती.

आता कोणी हसलं नाही. परांजपे म्हणाले, "ते लक्ष ठेवत होते? मग सावंत कुठे होता?"

मग सावंत बोलले. सुनंदाची दहावीची परीक्षा सुरू होती. गुरुवारी इंग्रजीचा पेपर. सकाळी जाताना ती बापाच्या पाया पडायला फाटकावर आली आणि हॉल तिकिटाचं पाकीट केबिनमधल्या स्टुलावर विसरून गेली. सावंतांना ते दिसलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पेपर अकराला, केंद्र भांडुपला. पंप चालू. फाटक सोडायचं नाही, हा माझा नियम भिंतीवर चिकटवलेला.

"मी ह्यां पाकीट घेऊन नुसतो उभो होतंय," सावंत म्हणाले. "सायबान बघितल्यान. सायबच म्हणालो, जा, मी बघतंय. मी धावलंय. सायबान माझ्यासाठी केल्यान, तेंका मधी कित्याक ओढू?"

बाकीचं रसेलसाहेबांनी सांगितलं, मी मराठीत केलं. ते पायरीवर बसले होते, कानाला वॉकमन. चुरशीचा सामना होता आणि बरोबरी चालली होती. कागदाच्या मशीनचा आवाज अर्ध्या कारखान्यावरून ओळखणाऱ्या त्या माणसाला तीन हातांवरचा पंप ऐकू आला नाही. जळका वास आला तेव्हा ते उठले. सावंतांनी परत आल्यावर त्यांना विनवलं होतं, की मी फाटक सोडल्याचं सांगू नका, नोकरी जाईल. म्हणून ते तीन दिवस सगळ्यांना नुसतं सॉरी म्हणत फिरत होते, कारण त्याच्यापुढचं वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं. आणि नुसतं सॉरी आमच्यापैकी कोणी ऐकतच नव्हतं.

परांजपेंनी घसा साफ केला. "म्हणजे ड्यूटी सोडून गेला होता. हे तर जास्तच…"

मी उभी राहिले. हातातली फाइल मिटली. सावंतांना कमी केल्याचं पत्र तिच्यातच होतं, माझ्याच हाताचं. मी म्हटलं, "परांजपेसाहेब, इतिवृत्तात पहिल्यांदा हे लिहून घेते, की सेक्रेटरीने रजिस्टर न पाहता पत्र तयार केलं." मग मी खांबाशी गेले. तिथून पुढचे दोन शब्द मला फार जड गेले, कारण मोठ्या झाल्यापासून ते मी मोठ्याने कोणालाच म्हटले नव्हते, तुमच्या आजोबांनाही नाही. फाटकावरच्या माणसाला तर आमच्या इमारतीत कोणीच नाही.

"सावंत, माझं चुकलं."

सावंत माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, असां नाय म्हणूचा."

सगळ्यांच्या माना चेअरमनकडे वळल्या. मग परांजपेंनी, छताकडे बघत, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "पेपर कसा गेला पोरीला?"

"बरो गेलो म्हणता."

"वेळेवर पोचलास ना?"

"पाच मिनिटा आधी."

"मग झालं," परांजपे म्हणाले. "चहा सांगा कोणीतरी."

बाळांनो, तुम्ही तिकडे वाढलात म्हणून समजावून सांगते. आपल्याकडे माफी तोंडाने मागत नाहीत, ती वाटीतून जाते. दोन दिवसांनी पाडवा होता. परांजपेवहिनी श्रीखंडाची भली मोठी वाटी घेऊन स्वतः फाटकावर गेल्या, आणि केशर जरा जास्तच होतं असं सावंतांनी मागाहून सांगितलं. परांजपेंनी त्या दिवशी जे विचारलं आणि जे पाठवलं, ती त्यांची सॉरी होती. रसेलसाहेबांना मी हे समजावलं, तेव्हा त्यांनी बराच विचार केला.

"वाटी परत कधी करायची?"

"लगेच नाही. आणि रिकामी कधीच नाही."

"मग हे माझ्या सॉरीपेक्षा कठीण आहे, ना?"

मी त्यांना एक सल्ला दिला. सॉरी खांबांसाठी आणि मांजरांसाठी असू द्या. खरंच चुकलं असेल तेव्हा मराठीत सांगत जा, म्हणजे आम्ही ऐकू. त्यांनी तो मानला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी ते वाक्य एकदाच वापरलं. घाईत कॅसेटचा निकाल त्यांनी तुमच्या आईला सांगून टाकला आणि तिची मजा घालवली, तेव्हा. तीही हॉकी ऐकायला लागली होती. ती पुढे तिकडे का गेली, असं लोक मला विचारतात. मी शिष्यवृत्ती असं उत्तर देते. पण सुरुवात त्या पायरीवर झाली असावी.

मशीन नीट चालायला लागलं आणि रसेलसाहेब परत गेले. निघाले त्या सकाळी सगळी इमारत खाली आली होती. सुनंदा दहावी पास होऊन नर्सिंगचा अर्ज भरत होती, तिने घावणे बांधून दिले होते. टॅक्सीकडे जाताना त्यांची बॅग फाटकाच्या खांबाला लागली.

"सॉरी," ते म्हणाले.

सावंतांनी खांबावर हात ठेवला. "हरकत नाय म्हणता तो."

दरवर्षी नाताळात त्यांचं कार्ड यायचं. त्यात त्या दिवसाचं तापमान लिहिलेलं असे आणि खाली, "सावंतांना सांगा, ना?" सावंत गावी परत गेल्यावर मी ते आकडे पोस्टकार्डावर त्यांना कळवत राहिले. मग एका वर्षी कार्डाऐवजी त्यांच्या भावाचं पत्र आलं. पहिलं वाक्य असं होतं: ही बातमी देऊन तुम्हाला त्रास देतो आहे, त्याबद्दल सॉरी. रसेल शेजारच्या दारातलं बर्फ काढत असताना गेले. शेजारी तरुण होता, धडधाकट होता, पण एकटाच काढत होता.

मी ते पत्र सावंतांना मराठीत लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर काकवीची बाटली आली. ती कोणासाठी होती ते मला कळलं. मी ती रसेलसाहेबांच्या भावाला पाठवली. पोचली की नाही, माहीत नाही.

पंपाची खोली पुढच्या महिन्यात पाडतील. फाटकाचा खांब आधीच काढला आहे. पंपाचं रजिस्टर माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याचं, क्रमांक सात. त्यातलं ते पान शाबूत आहे, आणि त्या पानात मी टाइप केलेलं पत्र घडी करून ठेवलं आहे, सही न केलेलं.

तुमची,
आजी